झीज कोणाची?

बिऱ्हाड सोडण्याच्या दिवशीं घरमालक आणि बिऱ्हाडकरू रिकाम्या खोलींत समोरासमोर उभे राहतात, तेव्हां त्यांच्या हातांत एक यादी असते. पंखे तीन, खाट एक, गादी एक, आरशाचें कपाट एक, खुर्च्या चार, पडदे सहा. बिऱ्हाड आलें त्या दिवशीं केलेल्या या यादीकडे मधल्या दोनचार वर्षांत कोणी ढुंकूनहि पाहिलेलें नसतें. आतां मात्र ती पोथीसारखी ओळीनें वाचली जाते. पंखे तीनच भरतात, खुर्च्या चारच भरतात, आणि तरीहि दोघांना मनांतून ठाऊक असतें कीं, जें येथें होतें तें सर्वच्या सर्व येथें उरलेलें नाहीं. खुर्चीची वेताची बैठक खोल गेली आहे, गादी मध्यें दबली आहे, पडद्यांचा रंग उन्हाच्या बाजूनें विटला आहे. संख्या तीच, वस्तु त्याच, आणि तरी कांहीं तरी खर्चीं पडलें आहे. तें कोणीं खर्च केलें आणि त्याची भरपाई कोणीं करावयाची, हा प्रश्न बहुधा पांच मिनिटांत, कांहींशा कडवटपणानें आणि अनामत रकमेच्या जोरावर सुटतो. अनामत ज्याच्या खिशांत, न्याय त्याच्या पदरांत.

या प्रसंगांत मी दोन्ही बाजूंनीं उभा राहिलों आहें. विद्यार्थिदशेंत पुण्याच्या एका पेठेंत खोली घेऊन राहत होतों. ती सोडतांना मालकांनीं मेजावरील शाईच्या डागाबद्दल पैसे कापून घेतले. डाग मी येण्यापूर्वींचा होता. परंतु तो मीं पहिल्या दिवशीं दाखविला नव्हता, आणि न दाखविलेला डाग शेवटच्या राहणाऱ्याच्या नांवावर चढतो, एवढा व्यवहार मी त्या दिवशीं शिकलों. पुढें आई वारल्यावर तिची दोन खोल्यांची सदनिका माझ्याकडे आली आणि ती मीं तिच्या सामानासकट एका कुटुंबाला भाड्यानें दिली. नवराबायको, एक लहान मुलगी आणि गृहस्थांची वृद्ध आई. माणसें सालस, मला ‘काका’ म्हणत, भाडें पांच तारखेच्या आंत पोंचतें करीत. अशीं तीन वर्षें गेलीं.

दिवाणखान्यांत आईचा झोपाळा होता. शिसवी फळी, पितळी साखळ्या, छतांत बसविलेले लोखंडी आकडे. हें कुटुंब जाण्यापूर्वीं चार महिने एका संध्याकाळीं तो तुटला. एका साखळीची सर्वांत वरची कडी, म्हणजे आकड्यांत अडकविलेली, झिजत झिजत दाभणाएवढी बारीक झाली होती, ती उघडली. फळीचें एक टोंक खालीं आदळून फळीला उभी चीर गेली आणि खालची फरशी फुटली. त्या वेळीं आजी झोपाळ्यावर बसल्या होत्या. सुदैवानें खरचटण्यावर निभावलें. बिऱ्हाड सोडतेवेळीं फळी व फरशी यांबद्दल मीं अनामत रकमेंतून ७,५०० रुपये कापून घेतले. गृहस्थांनीं वाद घातला नाहीं. “ठीक आहे, काका,” एवढेंच म्हणाले.

वाद झाला असता तर मी जिंकलों असतों आणि विसरलों असतों. त्या ‘ठीक आहे’नें मात्र मला स्वस्थ बसूं दिलें नाहीं, आणि म्हणूनच हा लेख.

प्रथम शब्दाकडेच पाहूं. मराठींत ‘झीज’ हा शब्द वस्तूंच्या बाबतींत तोट्याचा आणि माणसांच्या बाबतींत गौरवाचा आहे. पायताण झिजलें म्हणजे तें टाकावयाचें. पण आई मुलांसाठीं झिजली, कार्यकर्ता संस्थेसाठीं झिजला, असें आपण म्हणतों तेव्हां आपला हात नकळत नमस्काराकडे वळतो. चंदनाची उपमा आपल्या भाषेंत इतकी घासली गेली आहे कीं तीहि आतां झिजली. तरी तिच्यांतला विचार खोटा नाहीं. चंदनाचें खोड ज्यानें झिजतें त्यानेंच तें उपयोगी पडतें. न झिजलेलें चंदन हें लांकूड आहे. जुन्या घरांतील उपकरणांकडे पाहिलें तर आपल्या पूर्वजांना झीज हा अपघात वाटत नव्हता, तें उपकरणाचें ठरलेलें आयुष्यक्रमण वाटत होतें, असें दिसतें. पाटा गुळगुळीत झाला कीं त्याला टाकी लावून घ्यावयाची. पितळेच्या भांड्याची कल्हई गेली कीं कल्हईवाल्याची हांक येईपर्यंत तें बाजूस ठेवावयाचें. लग्नकार्याला भाड्यानें आणलेलीं पातेलीं परत देतांना मोजून देतात. पोचे कोणी मोजीत नाहीं. एखादें पातेलें हरवलें तर तें भरून द्यावें लागतें, पण शंभर पंगती वाढलेल्या पातेल्याला पोचा आला म्हणून कोणी भांडत बसला तर लोक त्याला हंसतील. पोचा हा त्या धंद्याचा भाग आहे, आणि भाड्यांत तो आधींच मोजलेला आहे.

हाच विवेक कायद्यानें आपल्या भाषेंत सांगितला आहे. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या १०८ व्या कलमांत भाडेपट्टा देणारा व घेणारा यांचीं परस्पर कर्तव्यें अक्षरानुक्रमानें दिलीं आहेत. त्यांतील ‘एम’ या पोटकलमाचा आशय असा कीं, भाडेकरूनें मालमत्ता ज्या स्थितींत घेतली तशाच चांगल्या स्थितींत ठेवावी व मुदत संपतांच परत करावी. मात्र वाजवी वापरानें होणारी झीज आणि अनिवार शक्तीनें झालेला फेरफार यांस तो जबाबदार नाहीं. ‘ओ’ या पोटकलमांत आणखी एक मार्मिक गोष्ट आहे: भाडेकरूनें ती मालमत्ता, सामान्य शहाणपणाचा मनुष्य स्वतःची असती तर जशी वापरील, तशी वापरावी. आतां आपल्याकडे रूढ असलेले ‘लिव्ह अँड लायसन्स’चे करार हे कायद्याच्या काटेकोर अर्थानें भाडेपट्टे नव्हेत, केवळ वापराचे परवाने आहेत, ही गोष्ट खरी; परंतु त्या करारांतहि हीच भाषा थोड्याफार फरकानें उतरलेली असते. माझ्या करारांतहि ती होती. २०२१ सालीं केंद्र सरकारनें राज्यांपुढें ठेवलेल्या आदर्श भाडेकायद्यांत तर कोणाचें काय याची परिशिष्टांत वांटणीच करून दिली आहे: भिंतींना सफेदी आणि दारांखिडक्यांना रंग मालकानें द्यावा, नळाचा वॉशर, दाराची मूठ, खिडकीची फुटलेली कांच भाडेकरूनें पाहावी. झोपाळ्याच्या कडीचा उल्लेख त्या परिशिष्टांत नाहीं.

वाजवी झीज भाडेकरूकडे नाहीं, हें केवळ कायद्याचें औदार्य आहे कीं त्याच्या मुळाशीं न्याय आहे? मला वाटतें, न्याय आहे. आणि तो उघड करण्यास तेराव्या शतकांतील एका ख्रिस्ती तत्त्ववेत्त्याची मदत होते. थॉमस ॲक्विनास यानें व्याज घेणें अन्यायाचें कां, याची मीमांसा करतांना वस्तूंचे दोन वर्ग पाडले. गहूं किंवा मद्य यांचा उपयोग म्हणजेच त्यांचा नाश. गहूं वापरला म्हणजे तो खाल्ला गेला. तेव्हां गव्हाची किंमत घेऊन शिवाय गहूं ‘वापरल्याबद्दल’ वेगळें मोल मागणारा मनुष्य एकच वस्तु दोनदां विकतो. घराची गोष्ट निराळी. घर वापरलें म्हणून तें संपत नाहीं; म्हणून मालकानें मालकी स्वतःकडे ठेवून वापरापुरतें भाडें घेतलें तर त्यांत अन्याय नाहीं. पैसा त्यानें गव्हाच्या वर्गांत घातला. व्याजाविषयींचें त्याचें मत आज कोणी पाळीत नाहीं, आणि येथें त्याच्याशीं आपल्याला कर्तव्यहि नाहीं. पण ‘एकच वस्तु दोनदां विकणें’ ही त्याची कसोटी फार तीक्ष्ण आहे.

कारण घरांतलें सामान या दोन्ही वर्गांच्या मध्यें लोंबकळतें. गादी गव्हासारखी एका बैठकीला संपत नाहीं, आणि दगडी भिंतीसारखी पिढ्यान् पिढ्या उभीहि राहत नाहीं. ती रोज रात्रीं थोडी थोडी खाल्ली जाते. रोमन कायदेपंडितांनाहि ही अडचण भेडसावली होती. दुसऱ्याच्या वस्तूचा उपभोग घेण्याचा हक्क कोणकोणत्या वस्तूंवर असूं शकतो, याची चर्चा करतांना ५३३ सालच्या जस्टिनियनच्या पाठ्यग्रंथांत कपडे हे धान्य, तेल, मद्य यांच्या पंगतीला, म्हणजे वापरानें संपणाऱ्या वस्तूंत बसविले आहेत. पण त्याच बादशहानें संकलित करविलेल्या जुन्या पंडितांच्या मतांत कपड्यांवरहि असा हक्क मानला आहे, आणि ते वापरून जुने झाले तरी दुष्ट हेतु नसल्यास भरपाई नको, असेंहि म्हटलें आहे. एवढ्या मोठ्या कायदेपंडितांचें सदऱ्याविषयीं एकमत होऊं नये, तर आपण गादीविषयीं भांडतों यांत नवल काय?

आतां कसोटी लावून पाहूं. सामानासकट दिलेल्या घराचें भाडें रिकाम्या घरापेक्षां अधिक असतें. हें अधिक भाडें कशाबद्दल? सामान तर मालकाचें मालकालाच परत मिळावयाचें असतें. तें भाडें अर्थातच मधल्या काळांत सामान जेवढें खाल्लें जाणार आहे, त्याबद्दल असतें. म्हणजे सामानाचें भाडें घेणारा मालक खरोखर झीजच विकीत असतो, हप्त्याहप्त्यानें. मग बिऱ्हाड सोडण्याच्या दिवशीं खुर्चीची बैठक खोल गेली म्हणून त्यानें पुन्हां पैसे कापले, तर तो ती झीज दुसऱ्यांदा विकतो. त्यानें कायदा मोडला कीं नाहीं हें न्यायाधीश ठरवितील. पण त्याच्या वहींत एकाच मालाच्या दोन पावत्या आहेत, हें ठरविण्यास न्यायाधीश नको.

यावर कोणी म्हणेल, मग बिऱ्हाडकरूनें गादीवर शाईची दौत उपडी केली तरी मालकानें गप्प बसावें काय? मुळींच नाहीं. दौत उपडी होणें हा वापर नव्हे, आणि भाड्यांत तें धरलेलें नाहीं. परंतु तेथेंहि हिशेब नीट झाला पाहिजे. समजा, आठ हजारांची गादी आठ वर्षें टिकते असें दोघांनींहि धरलें, आणि तीन वर्षें वापरून झाल्यावर दौत सांडली. तीन वर्षांची गादी भाड्यांतून विकली गेलीच आहे. मालकाचे गेले ते पांच हजार, आठ नव्हेत. आठ हजार घेऊन कोरी गादी आणणारा मालक शाईच्या डागावर तीन हजारांचा नफा मिळवितो. इंग्लंड व वेल्समध्यें २००७ पासून मालकाला भाडेकरूची अनामत मान्यताप्राप्त योजनेच्या संरक्षणाखालीं ठेवावी लागते, आणि तंटा झाला तर तेथील तिऱ्हाईत निवाडेकार वस्तूचें वय व तिचें साधारण आयुष्य पाहून असाच हिशेब करतात: जुन्याबद्दल नवें मागतां येत नाहीं. आपल्याकडे अनामत मालकाच्याच खात्यांत असते, त्यामुळें हिशेब करण्याची गरज सहसा कोणाला भासत नाहीं. मलाहि भासली नव्हती. चाळीस वर्षांच्या फळीबद्दल मीं नव्या फळीचा दर लावला होता.

येथवर सारी बाजू बिऱ्हाडकरूची झाली. पण तो कांहीं देवमाणूस नव्हे. ‘भाड्याचें तर आहे’ हे शब्द ज्यानें उच्चारले नाहींत असा बिऱ्हाडकरू मीं पाहिला नाहीं, आणि त्यांत मी स्वतःहि आलों. ॲरिस्टॉटलनें एके ठिकाणीं म्हटलें आहे कीं, संपत्ति ही मालकींत नसून उपयोगांत आहे. हें खरें असेल, तर राहणाराच त्या घराचा खरा श्रीमंत. मालक नुसता कागदाचा धनी. मग श्रीमंतीबरोबर येणारी जबाबदारी त्याला कशी चुकेल?

ही जबाबदारी नेमकी कोठें सुरू होते, हें एका इंग्रज न्यायाधीशानें १९२८ सालीं एका घरगुती दृष्टान्तानें सांगितलें. न्या. टॉलबट यांच्यापुढें प्रश्न असा होता कीं, वाजवी झिजेची सूट असलेल्या माणसानें घर मोडकळीस येऊं दिलें तर तो सुटतो काय? ते म्हणाले, कौल सरकून पडलें तर तो दोष राहणाऱ्याचा नाहीं, कौलें पडतातच. परंतु कौल पडलेलें दिसत असून तो स्वस्थ बसला, पाणी आंत येत राहिलें, आढें कुजलें, भिंती खचल्या आणि शेवटीं घर राहण्यालायक उरलें नाहीं, तर ‘ही झीज आहे’ असें त्याला म्हणतां येणार नाहीं. हा विचार मध्यंतरीं कांहीं काळ बाजूस पडला होता. १९५८ सालीं तेथील सर्वोच्च न्यायपीठानें, म्हणजे हाउस ऑफ लॉर्ड्सनें, तो पुन्हां उचलून धरला.

मला या दृष्टान्तांत कायद्यापेक्षां अधिक कांहीं दिसतें. कौल पडण्यापर्यंत प्रश्न वस्तूचा आणि काळाचा आहे. तेथें कोणाचाच अपराध नाहीं. कौल पडल्यानंतर मात्र प्रश्न दृष्टीचा होतो. ज्यानें पाहिलें त्याच्यावर कांहीं तरी येऊन पडतें. त्यानें स्वतःच वर चढून कौल बसवावें असें नाहीं. निदान मालकाला हांक मारावी. वस्तूंच्या जगांत जी आपोआप होते ती झीज. आणि ती दिसत असून कोणी बोलला नाहीं म्हणून जी होते ती हानि. या दोहोंमधील सीमारेषा गादींत किंवा कडींत सांपडावयाची नाहीं; ती माणसांच्या बोलण्याचालण्यांत शोधावी लागते.

ही सीमारेषा पुसली गेली म्हणजे काय होतें, याचा एक भला मोठा दाखला आपल्या मुंबईनें दिला आहे. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्यानें बहुतेक जुन्या जागांचें प्रमाण भाडें १ सप्टेंबर १९४० रोजीं जें होतें तेथेंच गोठविलें. युद्धानंतरच्या टंचाईंत गोरगरिबांना रस्त्यावर येऊं न देण्याचा त्यामागचा हेतु स्तुत्य होता, आणि त्या कायद्यानें लक्षावधि कुटुंबांना आधार दिला हें नाकारणें कृतघ्नपणाचें होईल. पण कायदा मुदतीचा असून मुदत पुनःपुन्हां वाढत गेली. महागाई वाढली, भाडें जागच्या जागीं राहिलें. मालक म्हणूं लागला, एवढ्या भाड्यांत मीं जिना कसा दुरुस्त करावा? भाडेकरू म्हणूं लागला, इमारत माझी नाहीं, मीं कां करावा? दोघांचेंहि म्हणणें त्यांच्या त्यांच्या परीनें खरें होतें, आणि दोघांच्या खरेपणाच्या मधून पाणी आंत येत होतें. सज्जे लटकूं लागले, तुळयांना वाळवी लागली. १९६९ सालीं सरकारला दुरुस्ती व पुनर्रचना मंडळाचा कायदा करावा लागला आणि शहर भागांतील एकोणीस हजारांहून अधिक जुन्या इमारती उपकराच्या यादींत आल्या. पुढें १९९७ सालीं सर्वोच्च न्यायालयानें, गोठविलेल्या भाड्याच्या तरतुदी आतां वाजवी उरलेल्या नाहींत, असा स्पष्ट अभिप्राय दिला. मात्र कायद्याची मुदत लवकरच संपत असल्यामुळें त्या रद्द केल्या नाहींत. १९९९ चा नवा महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायदा आला आणि त्यांत दरसाल चार टक्के वाढीची सोय झाली. तोंपर्यंत कित्येक चाळींचें आढें केव्हांच कुजून गेलें होतें. ज्यांनीं पाहिलें त्यांना खर्च करण्याचें कारण नव्हतें, आणि ज्यांनीं खर्च करावयाचा ते पाहावयास येत नव्हते.

येथें आपल्याकडील एका जुन्या वचनाचा आशय आठवतो. नारदस्मृतींत असें आहे कीं, दुसऱ्याच्या जमिनीवर भाडें देऊन ज्यानें घर बांधलें, त्यानें जातेवेळीं त्याचें गवत, लांकूड, विटा खुशाल न्याव्या. किती सरळ व्यवहार! जमीन तुझी ती तुला, गवत माझें तें मला. त्या झोंपडीच्या छपराकडे लक्ष कोणीं द्यावयाचें याविषयीं वाद होण्यास जागाच नव्हती, कारण राहणारा, पाहणारा आणि छपराचा धनी एकच. आपले तंटे या तिघांची फारकत झाल्यापासूनचे आहेत.

आतां झोपाळ्याकडे परत येणें भाग आहे. वरील विचारानें पाहिलें तर माझी बाजू बळकट दिसते. कडी झिजली ही झीज. तिच्याबद्दल मीं एक पैसा घेतला नाहीं. पैसे घेतले ते फळी आणि फरशी यांचे, म्हणजे पडलेल्या कौलाचे नव्हे, आंत आलेल्या पाण्याचे. रोज बसणाऱ्यांनीं कडीकडे पाहावयास हवें होतें. माझ्या एका वकील स्नेह्यानें हेंच म्हणून मला निर्दोष ठरविलें, आणि वर चहाहि पाजला.

पण मी एक गोष्ट त्यांना सांगितली नव्हती. आई दर वर्षीं खंडेनवमीला शेजाऱ्याच्या मुलाला शिडीवर चढवून साखळ्या उतरवून घेत असे. त्यांना तेल देई, चिंचेनें घांसून लखलखीत करी, आणि पुन्हां टांगतांना वरच्या कड्या उलटून लावी. म्हणजे गेल्या वर्षीं झिजलेली बाजू मोकळी राहून दुसऱ्या बाजूवर भार येई. ‘एकाच अंगावर किती दिवस झिजवायची तिला?’ असें ती म्हणे. लहानपणीं शिडी धरण्याचें काम माझें होतें. हें सारें मला ठाऊक होतें. बिऱ्हाड आलें त्या दिवशीं यादींत मीं ‘झोपाळा, पितळी साखळ्यांसह, एक’ असें लिहिलें, खालीं दोघांच्या सह्या झाल्या, आणि खंडेनवमीचा शब्दहि मीं काढला नाहीं. मुद्दाम लपविलें असेंहि नव्हे. आठवलें नाहीं म्हणावें, तर तेंहि पूर्ण खरें नव्हे. शिडीबिडीचें कांहीं सांगितलें तर मंडळी ‘झोपाळा काढूनच टाका’ म्हणतील, आणि आईचा झोपाळा निघालेला मला पाहवणार नाहीं, असें कांहीं तरी मनाच्या कोपऱ्यांत होतें.

१०८ वें कलम मीं अनेकदां वाचलें होतें. पण दर वेळीं माझी दृष्टि भाडेकरूच्या कर्तव्यांवर, ‘एम’ आणि ‘ओ’ यांवर जाऊन स्थिर होई. त्या कलमाचा आरंभच ज्या ‘ए’ या पोटकलमानें होतो तें मीं चाळून पुढें जात असें. त्यांत मालकाचें पहिलें कर्तव्य सांगितलें आहे: मालमत्तेच्या वापराच्या दृष्टीनें महत्त्वाचा असा एखादा दोष मालकाला ठाऊक असेल, भाडेकरूला ठाऊक नसेल, आणि साधारण काळजीनें त्याच्या लक्षांत येण्यासारखा नसेल, तर मालकानें तो आपण होऊन सांगितला पाहिजे.

वकील स्नेह्यांना जेव्हां हें सांगितलें तेव्हां ते म्हणाले, “अहो, कडी झिजते हें कोणाला कळत नाहीं? शिवाय तुम्हीं दिलें तेव्हां ती तुटायला आलेली नव्हती; मग दोष कसला?” म्हणणें तर्काला धरून होतें. पण वरची कडी आकड्यांत गुंतलेली असते. झिजते ती तिची आंतली, आकड्याला टेकलेली बाजू. जमिनीवरून ती दिसत नाहीं, आणि दिवसांतून चार वेळां बसणाऱ्याला तर मुळींच नाहीं, कारण बसणारा वर पाहत नसतो. ती बाजू पाहावयाची तर शिडी लावावी लागते, आणि शिडी लावावी हें आधीं कोणीं तरी सांगावें लागतें. वस्तूंविषयींचें ज्ञान दोन ठिकाणीं वांटलेलें असतें. आज ती कशी आहे हें राहणाऱ्याला दिसतें. आजवर ती कशी टिकली हें मालकाला ठाऊक असतें. यादींत वस्तु लिहिल्या जातात, हें दुसरें ज्ञान लिहिलें जात नाहीं. आणि तें न देतां नुसती वस्तु देणारा मालक, माझ्या मतें, अर्धीच वस्तु देतो आणि भाडें मात्र पुरें घेतो.

आणखी एक गोष्ट कबूल करावयास हवी. ती फळी आईची नसती, बाजारांतून आणलेली असती, तर मीं ७,५०० रुपये कापले असते काय? बहुधा अर्ध्यावर तडजोड केली असती. म्हणजे जास्तीची रक्कम मीं शिसवाबद्दल घेतली नव्हती. आई त्या फळीवर बसून गहूं निवडीत असे, त्याबद्दल घेतली होती. प्रेमाची वस्तु भाड्यानें देऊं नये असें मी म्हणत नाहीं. घर रिकामें राहण्यापेक्षां त्यांत कोणी झोंके घेत असलेलें आईला आवडलें असतें. पण भाड्यानें दिली म्हणजे तिची आठवण मालकाच्या घरीं राहिली आणि लांकूड तेवढें बिऱ्हाडकरूकडे गेलें. तुटलें तें लांकूड. त्या आजींना जें लागलें होतें त्याची चौकशी मीं केली होती, पण फरशीची केली त्याच्या नंतर.

बिऱ्हाड गेल्यावर सुमारें वर्षानें मीं गृहस्थांना पत्र लिहिलें. खंडेनवमीची हकीकत लिहिली आणि ७,५०० रुपये परत पाठविले. आठ दिवसांनीं उत्तर आलें. त्यांनीं पांच हजार ठेवून घेतले होते आणि अडीच हजार परत पाठविले होते. लिहिलें होतें, ‘काका, कडी दोन महिने करकरत होती. आई म्हणत असे कीं काकांना कळवा. मी म्हणालों, तेल घालूं केव्हां तरी. तेवढें आमच्याकडे धरावें.’

फळीला सुतारानें खालून दोन पट्ट्या मारून दिल्या. चीर दिसते, पण बसायला हरकत नाहीं. वरच्या कड्या नव्या केल्या. सध्यां तेथें दुसरें कुटुंब आहे, त्यांच्या यादींत झोपाळ्याच्या ओळीपुढें मीं लिहिलें आहे, ‘साखळ्या दर खंडेनवमीला उतरवून तेल देणें व कड्या उलटून लावणें, शिडी माळ्यावर आहे, मालकानें येऊन धरावी.’